नाव घेणं

वडील रास्ता पेठेतल्या एका टॉकीजला डोअरकीपर होते.
हातात तीन सेलची बॅटरी,
खिशात फाडलेल्या तिकिटांचे अर्धे अर्धे,
आणि डोक्यात प्रत्येक सिनेमाचं एकच वाक्य:
ज्यात सिनेमाचं नाव येतं, ते.

'घेतलं नाव!' म्हणायचे,
नवरीनं उखाणा कसाबसा संपवावा
आणि मांडवातल्या बायकांनी सैल व्हावं, तसे.
बॅटरी एकदाच लावायचे, स्वतःच्याच बुटांवर.
लगेच विझवायचे.

'मागच्या दारानं' अकरा आठवडे चालला.
इंटरव्हलनंतर वहिनी दिराला म्हणते,
'आपल्याकडे सुखसुद्धा मागच्या दारानं येतं, भाऊजी.'
की थर्ड क्लासातून शिट्ट्या, पडद्यावर चिल्लर,
बाल्कनीत कुणीतरी नाक शिंकरलेलं.
मी नऊ वर्षांची, दाराच्या मळक्या पडद्याआड स्टुलावर,
नाना पेठेतल्या बेकरीचे बटर चहात बुडवत.
मला वाटायचं, ती बाई मलाच बोलली.
मी फुकटी. रोज मागच्या दारानंच यायचे.

काही सिनेमे नको तिथे नाव घ्यायचे.
इन्स्पेक्टर टोपी काढून थेट आपल्याकडे बघणार:
'ह्याला म्हणतात, सूड सव्वा शेर!'
वडील बॅटरी लावायचे नाहीत.
'हे नाव घेणं नव्हे,' म्हणायचे,
'नाव ठेवणं.'

आणि एक सिनेमा, 'उसनं ऊन',
त्यानं घेतलंच नाही.
शुक्रवारी तिन्ही खेळ उभं राहून वाट पाहिली वडिलांनी.
शनिवारी वैतागले. रविवारी दिग्दर्शकाला चोर म्हणाले.
गुरुवारी, उतरायच्या दिवशी, सायकल हातात धरून चालत घरी येताना
पॉवर हाऊसपाशी थांबले.
'बरोबर आहे त्याचं.
ती शेवटी शेजाऱ्याच्या पायरीवर उन्हाला बसते ना.
मग तोंडानं कशाला बोलायचं?'

आईनं वडिलांचं नाव घेतलं ते लग्नात.
तेव्हा बँड वाजत होता,
त्यांना म्हणे ऐकूच आलं नाही.
पुढे घरात 'अहो',
शेजारी 'आमच्यातले', मला 'तुझे वडील'.
रेशनच्या दुकानात विचारलं तर
कार्डावरच्या ओळीवर बोट ठेवायची
आणि दुसरीकडे बघायची.
'तुझी आई,' वडील म्हणायचे, 'उसनं ऊन आहे.'
आई म्हणायची, भाजी घ्या अजून.

टॉकीजच्या जागी आता पार्किंग आहे.

ससूनला नेलं तेव्हा पहाटेचे तीन.
मी दारात, रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून.
आत खिडकीपलीकडे एक पोरगा, डोळे तांबारलेले:
'पेशंटचं नाव?'
आईनं पिशवी चाचपली. कार्ड घरी राहिलं होतं.
मागे वळून मला शोधलं, मी दिसले नाही.
'आजी, मोठ्यानं बोला. नाव?'

'निवृत्ती,' आई म्हणाली.

ना चांदीचं ताट, ना यमक,
एवढ्या वर्षांत एकदाही न वापरलेला शब्द,
घडी न मोडलेला.
मग थोडं जोरात, जरा रागानंच:
'निवृत्ती सावळाराम लडकत.'
'वय?'
वय तिला माहीत नव्हतं.

स्ट्रेचरवर वडिलांच्या नाकातोंडावर मास्क.
उजवा अंगठा चादरीवर
पुढे, मागे. पुढे, मागे.
असे पेशंट हातांनी काहीबाही करतात, मला माहीत आहे.
वॉर्डबॉयनंही तेच सांगितलं नंतर.

तरी मी फोनची बॅटरी लावली, त्यांच्या पायांवर.
बूट नव्हतेच. टाचेला भेगा,
एका अंगठ्याचं नख काळं.
विझवली.

'काय झालं ताई?' सिस्टर म्हणाली.
म्हटलं, काही नाही.
चप्पल शोधत होते.